डाव्या पिळाचा दोर

मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कळलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी देवाचं नाव घेते आणि मागं फिरते. तरी गेली काही वर्षं माझं काम असं आहे, की पाठीला टाकी बांधून जी माणसं धरणाच्या नाहीतर समुद्राच्या तळाशी बुडालेल्या बोटी बघायला उतरतात, त्यांना अडचणीच्या वेळी वर यायला लागतो तो दोर वळायचा. भोर तालुक्यात, बॅकवॉटरच्या काठाला, म्हशीच्या गोठ्याला टेकून बसायचं आणि वळायचा.

जावईबापू पहिल्यांदा ऐकून म्हणाले, "मामी, हे म्हंजी माळकऱ्यानं मटणाची खानावळ टाकल्यागत झालं."

मी म्हणाले, "मीठ बरोबर पडतंय ना, मग झालं."

हे काम माझ्याकडं आलं दाढेमुळं. भोरात आमचे दाताचे डॉक्टर आहेत, केळकर. साठीला आलेला माणूस, पण पाण्याचं भारी वेड. सुट्टी मिळाली की मालवणला जाऊन बुडी मारायची. मी दाढ काढायला गेले तेव्हा त्यांच्यासाठी मेथीच्या दोन जुड्या नेल्या होत्या, आणि त्या बांधल्या होत्या माझ्या हातच्या दोरीनं. डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं केलं, सुई दिली, तोंडात कापूस कोंबला, आणि मग त्यांचं लक्ष दोरीकडं गेलं.

"आक्का, ही कुणी वळली?"

"आं," मी म्हणाले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"घायपाताची ना? पाण्यात किती टिकते?"

जबडा बधिर, तोंडात कापूस. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्याकडं बोट केलं आणि सगळी पानं उलटल्यागत हात फिरवला.

"एक वर्ष? मग कुजते? नक्की कुजते ना?"

मी मान हलवली, जरा ओशाळूनच. आपल्या मालाचा दोष कबूल करायला कुणाला आवडतं? पण डॉक्टरांचा चेहरा असा फुलला, जशी मी त्यांना बक्षीस लागल्याची बातमी दिली. त्या आनंदात त्यांनी दाढ एवढ्या जोरात ओढली की ती टेबलाखाली जाऊन पडली. आम्ही दोघांनी मिळून शोधली.

आता हे काय आहे ते बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. पाणबुडे खाली जातात ते त्यांच्या बोटीच्या नांगराचा दोर धरून, आणि त्याच दोरानं परत येतात. पण तळाशी गाळ असतो. पाय लागला की पाणी गढूळ होतं आणि हाताएवढ्या अंतरावरचा दोर दिसत नाही. अशा वेळी कंबरेला लावलेलं रीळ सोडायचं. दोराच्या एका टोकाला पिशवी असते. आपल्याच तोंडातल्या नळीची हवा तिच्यात भरायची की ती फुगून सरळ वर जाते, मागं दोर उलगडत जातो. खालचं टोक बुडालेल्या बोटीला पक्कं बांधायचं. झाली शिडी. तिला धरून हळूहळू वर यायचं, वर आल्यावर दोर कापून टाकायचा आणि पाण्याला देऊन टाकायचा. म्हणून तो कुजणारा पाहिजे. नायलॉन कुजत नाही. त्याचं जाळं तळाशी वर्षानुवर्षं राहतं आणि पुढच्या पाणबुड्याचा पाय त्यात गुंततो. शिवाय नायलॉन ओल्या हातातून निसटतो. घायपाताचा दोर ओला झाला की उलट जास्त धरतो. म्हशीला विचारा.

मी दोर वळायला शिकले ते वेल्ह्याकडं माहेरी, बघून बघून. शिकवलं कुणीच नाही, कारण मी डावरी. सगळे उजवा पीळ देतात, माझ्या हातून डावाच पडतो. आजोबा म्हणायचे, "पोरी, तुझा दोर उलटा हाय." पण तुटायचा नाही. बांधावरचं घायपात कापायचं, ठेचायचं, पाण्यात कुजत टाकायचं. त्याचा वास असा की पाहुणे पायरीवरूनच परत जातात. मग धुऊन वाख काढायचा, वाळवायचा आणि तीन पेडी वळायचा. पाणबुड्यांच्या दोरात मी माझी एक भर घातली आहे. पिशवीपासून तीन परसावर, म्हणजे तीन पुरुष खोलीवर, लुगड्याच्या काठाची चिंधी घट्ट शिवते. तिथं त्यांना थांबावं लागतं. अंधारात दिसत नाही, पण बोटांना काठ कळतो.

कधी एखादं गिऱ्हाईक कागद मागतं. मुंबईच्या एका साहेबांनी फोनवर विचारलं, "दोराची ताकद कशावर तपासता?"

"रेड्यावर."

मग म्हणाले, "लेखी मिळेल का?"

मी वहीचा कागद फाडून लिहून दिलं: 'हा दोर रेड्याने ओढून पाहिला. रेडा थकला.' खाली सही. दोराबरोबर भोरच्या एसटीनं धाडून दिलं. ऐकते की त्यांनी तो कागद चौकटीत लावला आहे.

पिशव्याही मीच शिवते, ताडपत्रीच्या. पहिली पिशवी विहिरीत तपासली. वजन म्हणून माझा पाटा बांधला, तळाला सोडला आणि लांब नळीतून पंपानं हवा भरली. पाटा वर आला आणि विहिरीत तरंगायला लागला. शेजारची सुमन पाण्याला आली होती. तिनं पाटा तरंगताना बघितला, कळशी खाली ठेवली आणि हळदकुंकू आणायला गेली. तिला समजावून सांगेपर्यंत चार बायका ओळीनं उभ्या होत्या. तो पाटा आता मला वापरायची चोरी आहे. मी मिक्सर घेतला.

पण मला सांगायचं आहे ते बबनतात्यांबद्दल.

तात्या आमच्याच गावचे, माझ्या मालकांचे दोस्त. पंचाहत्तरी ओलांडली असेल. तीसेक वर्षांमागं त्यांची स्वतःची लाँच होती. पलीकडच्या काठाची माणसं, तांदळाची पोती, शेरडं, एकदा तर अख्खं वऱ्हाड त्यांनी या काठाला आणलं होतं. लाँच बांधायचा दोर त्यांनी माझ्याकडून घेतला. मनगटाएवढा जाड. घेताना म्हणाले, "वयनी, तुटायचा न्हाई ना?"

मी तेव्हा भारी तोऱ्यात होते. म्हणाले, "लाँच तुटंल तात्या, दोर न्हाई तुटायचा."

पावसाच्या तोंडाला त्यांनी लाँच काठच्या बुंध्याला आखूड आणि आवळून बांधली आणि नसरापूरला लग्नाला गेले. वर डोंगरात पाऊस कोसळला. पाणी चढायला लागलं, बुंधा पाण्याखाली गेला. दोर लांब असता तर लाँच पाण्याबरोबर वर आली असती. दोर कच्चा असता तर तुटून सुटली असती. पण दोर होता माझा. त्यानं लाँचचं नाक धरून ठेवलं, पाणी वर चढत राहिलं, आणि लाँच उभ्या जागी पाण्यात गेली. आत कुणी नव्हतं, तेवढं नशीब. मग ती उतारानं घसरत जुन्या नदीच्या पात्रात गेली.

काठावर गाव जमला होता. तात्या डोक्याला हात लावून बसले होते. आणि मी, अक्कल गहाण टाकलेली बाई, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दोर तुटला का बघा. न्हाई ना तुटला?"

त्या दिवसापासून तात्या माझ्याशी बोलले नाहीत. मी एसटीत असले तर ते खाली उतरून मागच्या गाडीची वाट बघायचे. मागची गाडी तीन तासांनी. माझे मालक वारले तेव्हा आले, खांदा दिला, पण मला चकार शब्द नाही.

डॉक्टरांना ही लाँच बघायची होती. पुण्याची केतकी म्हणून एक मुलगी आहे, ती लोकांना बुडी मारायला शिकवते. हे एकट्यानं करायचं काम नव्हे, म्हणून ती बरोबर. थंडीचे दिवस, धरण भरलेलं, पाणी निवळ. मला म्हणाले, "आक्का, इतके दोर दिलेत, एकदा बघायला तरी या." मी भाकरी-पिठलं बांधून काठावर जाऊन बसले.

त्यांची रबरी बोट होती, तिच्यावर एक माणूस राखणीला. दोघं पाण्यात गेले. थोड्या वेळानं वारा सुटला, नांगर उचकटला आणि बोट पलीकडच्या काठाकडं निघाली. माणसानं इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प. तो ओढत राहिला आणि बारीक होत गेला. म्हणजे खाली दोघांचा परतीचा दोर गेला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता.

खाली नांगराचा दोर सापडला नसणार, कारण अचानक, काठापासून दगड फेकला तर पडेल एवढ्या अंतरावर, फस्सकन माझी पिवळी पिशवी वर आली.

खरं सांगते, मला बरं वाटलं. माझा दोर मी पहिल्यांदाच कामावर बघत होते. तीच वेळ होती बरं न वाटून घ्यायची.

तात्या जवळच होडीत जाळं बघत होते. ते पिशवीपाशी गेले, खालचा दोर उचलला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. आमच्या खोऱ्यात डाव्या पिळाचा दोर एकच बाई वळते. त्यांनी दोर ओढून पाहिला. ताठ. खाली काहीतरी जड. मी काठावरून बघत होते, त्या माणसाचे खांदेच बदलले. त्यांनी आपली नायलॉनची दोरी त्याला जोडली आणि वल्हवत काठाला आले.

"धरा रं," ते ओरडले. "माझी लाँच घावली."

काठावर धुणं धुणाऱ्या बायका होत्या, गुरं पाण्यावर आणलेले गडी होते, एकजण ट्रॅक्टर धूत होता. सात-आठ गडी दोरीला लागले. हेऽ ओढ, हेऽ ओढ.

मी पळाले. "तात्या, सोडा. खाली डॉक्टर हायत."

तीस वर्षांनी त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वयनी, या दोराच्या टोकाला माझी लाँच बांधलीय का न्हाई?"

आता काय सांगू? होतीच बांधलेली. "व्हय, पण—"

"दोर तुमचा हाय का न्हाई?"

"माजाच, पण आताचा हाय. त्यो जुना न्हवं."

"लाँच तर जुनीच ना?" तात्या म्हणाले. "ओढा रं."

तसं बघायला गेलं तर त्यांचं काहीच चुकत नव्हतं. फक्त मधे दोन माणसं होती.

"डॉक्टर मधीच लोंबकळत्यात," मी म्हणाले.

"मंग लौकर ओढाय पायजे," एक गडी म्हणाला. "हिरीत मानूस दोराला आसला तर आपण काय करतो? खेचतो." आणि सगळ्यांनी जोर दुप्पट केला.

तिकडून बोटीवरचा माणूस दोन्ही हात हलवत होता. तो थांबा म्हणत असणार. गड्यांना वाटलं शाबासकी देतोय. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "हातानं न्हाई यायची तात्या, हूक लावू," आणि मागं मागं ट्रॅक्टर घेऊन आला.

लाँचचं लोखंड तीस वर्षं पाण्यात गंजलेलं. दोर तुटणार नाही, हे मला माहीत. दोर नाही तुटला तर लाँचचा ज्याला तो बांधलाय तो कठडा तुटणार, आणि ट्रॅक्टरच्या एका हिसक्यात ती दोघं मुळ्यागत उपटून वर येणार. खोल पाण्याच्या दाबानं हवा रक्तात मुरते, ती वर येताना सावकाश निघू द्यावी लागते, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. झटक्यात वर आणलं तर माणूस लुळा पडतो, नाहीतर जातो. पण हे त्या गडबडीत आठ गड्यांना कसं सांगायचं?

मी गड्यांचा नाद सोडला. बायकांकडं वळले.

"सुमन, कुकर गॅसवरनं उतरवला की लगीच झाकण काढती का?"

"काय बाई इचारता. डाळ आढ्याला जाईल."

"डॉक्टर आता कुकरात हायत. ही लोकं झाकण काढाया लागलीत."

सुमननं एकदा पिशवीकडं बघितलं, एकदा ट्रॅक्टरकडं. मग तिनं पदर खोचला, दोरीपाशी गेली आणि दोरीवर बसली. सरळ मांडी घालून. तिच्यामागं आणखी एक, मग आणखी एक. बघता बघता नऊ बायका, ओल्या धुण्याच्या पिळ्यांसकट, दोरीवर ओळीनं बसल्या. गडी ओढेनात. कुणाची वहिनी, कुणाची चुलती, एकाची तर सासू. सासू बसलेली दोरी कोण ओढणार?

पण तात्यांनी पुढचं टोक ट्रॅक्टरच्या हुकाला नेलं होतं आणि गाठ मारायला लागले होते. बायका बसल्या काय आणि उठल्या काय, ट्रॅक्टरनं सगळ्यांनाच नेलं असतं.

मी त्यांच्यापुढं उभी राहिले. आणि जे तीस वर्षांत जमलं नव्हतं ते म्हणाले.

"तात्या, त्या दिवशी म्या बोलले ते वाईट बोलले. दोर तुटला न्हाई हे काय भूषण न्हवतं. तुटायला पायजे व्हता. न्हाईतर सैल तरी पायजे व्हता. तवा दोर सैल आसता तर लाँच वाचली आसती. आता तरी सोडा."

त्यांचे हात गाठीवर होते. ट्रॅक्टर सुरूच होता, धडधडत. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बंद कर ते."

मग गाठ सोडली. दोरी नुसती हातात धरून, पाण्याकडं तोंड करून उभे राहिले, लांबचलांब सैल टाकून.

त्यानंतर कितीतरी वेळ काहीच झालं नाही. पिशवी पाण्यावर डुलत होती. एवढी माणसं काठावर गप्प बसलेली मी कीर्तनातही बघितली नाहीत. एका बाईनं हळूच विचारलं, "आक्का, शिट्टी कवा व्हनार?"

"व्हईल. निवू दे."

मी मनात मोजत होते. आकडा मला माहीत नव्हता, नुसतीच मोजत होते. पिशवी एकदा थरथरली, परत थांबली. तात्यांचे ओठ हलत होते. तेही मोजत असावेत.

मग पिशवीशेजारी केतकीचं डोकं वर आलं, आणि त्याच्या मागून डॉक्टरांचं. डॉक्टरांनी काच वर केली, तोंडातली नळी काढली, दोन श्वास घेतले, काठावर दोरीवर बसलेल्या नऊ बायका, आठ गडी, एक ट्रॅक्टर आणि एक म्हातारा असं सगळं नीट बघून घेतलं आणि ओरडले, "आक्का, तुमची चिंधी चुकली. तीन परसाला हवी होती, मला भलतीकडंच लागली. घड्याळ बघून थांबलो म्हणून बरं."

मला रडायला येत होतं, पण मालाला नाव ठेवलेलं मला खपत नाही. म्हणाले, "चिंधी न्हाई चुकली, डॉक्टर. तुमी खाली हुता तवा तात्या लाँच वर आणत व्हते."

तात्यांनी होडी घातली आणि दोघांना काठाला आणलं. केतकीला दोन घोट पाणी दिलं. पिठलं थंड झालं होतं तरी तिनं तीन भाकरी खाल्ल्या. तात्या समोर उकिडवे बसले आणि डॉक्टरांना विचारलं, "कशी हाय?"

"उभी आहे, तात्या. जरा कललीय. सुकाणू जागेवर आहे. आत मोठी मरळ राहते, आम्ही गेलो तर आमच्यावर गुरकावल्यासारखी आली."

तात्यांनी मान हलवली, जशी मुलीच्या सासरची खुशाली ऐकावी तशी. मग म्हणाले, "आन् त्यो दोर?"

"कसला? नाकाशी लोखंडी कडी आहे. दोर नाही. कुजून गेला असेल."

तात्या माझ्याकडं बघून हसले नाहीत. पण बघितलं.

रीत अशी की वरचं टोक कापून पिशवी सोडवायची आणि दोर पाण्याला द्यायचा. केतकीनं सुरी काढली. तात्या म्हणाले, "पिशवी न्या. टोक माज्याकडं ऱ्हाऊ द्या." त्यांनी ते आपल्या नायलॉनला नाही, केतकीच्या रिळातल्या माझ्याच दुसऱ्या दोराला जोडून मागितलं, आणि ते काठावरच्या जांभळाला नेऊन बांधलं. मी बघत होते. बांधताना त्यांनी दोन्ही हात पसरून मोजत बरीच वावं दोर बुंध्यापाशी सैल टाकला, थांबले, आणि आणखी दोन वावं टाकला.

ही झाली त्या हिवाळ्यातली गोष्ट. एक पावसाळा गेला. नवरात्र झाल्यावर मी अंगणात वाख झोडत बसले होते. तात्या फाटकातून आत आले, वासाकडं लक्ष न देता पायरीवर टेकले. मी चहा टाकला. त्यांनी चहा पिऊन कपबशी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "वयनी, दोर कुजला."

"कुजायचाच व्हता, तात्या."

"दुसरा वळून द्या. डॉक्टर म्हनले, परत जानार तवा बांधतो."

"किती लांब देऊ?"

त्यांनी पाण्याच्या दिशेनं बघितलं. बोटांवर काहीतरी हिशेब केला, मोडला, परत केला.

"लांबच द्या," ते म्हणाले.